दुकानातले स्कॅनर गायब, टॅक्सची भीती अन् आपली खाजगी माहिती

मांजराकाठ :
राम राम मंडळी. दिवाळीला गावाकडं आल्तो (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, नाव मुद्दाम देत नाही, दुकानदार सगळे ओळखीचे हायेत) तर मेन रोडला बऱ्याच दुकानांतले स्कॅनरच गायब. कालपरवापर्यंत पाच रुपयाच्या फुटाण्याला पण लोक फोनपे मारायचे अन् आता हार्डवेअरवाल्यानं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिवून लावलंय, "ऑनलाईन बंद, रोख द्यावी". का हो म्हणून विचारलं तर म्हणला सर्व्हर डाऊन असतंय. म्हणलं शेजारच्या मेडिकलवाल्याचं कसं चालतंय मग? तर हसला अन् हळूच म्हणला, टॅक्सवाले सगळं बघायलेत म्हणे, बेंगलोरला चहावाल्यांना पण नोटिसा आल्यात.

त्याचं पोरगं इंजिनेर झालेलं, गल्ल्यावर बसलेलं, ते मात्र ठसक्यात म्हणलं की काका आमच्याकडं किती आले किती गेले हे बँकेला, ॲपवाल्याला अन् सरकारला आम्ही का दाखवावं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. आता ते खरंच सांगितलंय, २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा पुट्टस्वामी निकाल हाय. पण पक्कं बिल न देणाऱ्या दुकानात सिमेंटच्या पोत्यावर बसून आपला निकाल कुणीतरी सांगंल असं त्या न्यायमूर्तींना वाटलं नसंल.

तर विचारायचं हे की, ही खाजगीपणाची काळजी हाय का नुसती टॅक्सची चुकवाचुकवी? अन् तुमच्याकडं काय चालूय?

सरळसोट :
कर नाही त्याला डर कशाला. विषय संपला.

कच्ची पट्टी :
जालन्यातून लिहितोय, मोंढ्याजवळ किराणा होलसेल-रिटेल हाय, वडिलांपासून. सरळसोट भाऊ, विषय एवढ्यात संपत नसतो, एकदा गल्ल्यावर बसून बघा. आमच्या खात्यावर जे ऑनलाईन येतं ते सगळं विक्रीचं असतं का? निम्म्या गावाचं एटीएम आम्हीच हाव. एटीएममधी कॅश नसती, मग पाहुणा येतो, "मालक दोन हजार टाकतो, रोख द्या". दिले. आता ते दोन हजार माझ्या खात्यावर दिसायलेत पण त्यात मला एक रुपया सुटला नाही. कुणाची सहा महिन्याची उधारी सोयाबीन विकल्यावर एकदम येती. मेव्हणा लग्नासाठी घेतलेले परत टाकतो. हे सगळं मशीनीला विक्रीच वाटणार ना? अन् तेलाच्या डब्यामागं काय सुटतं ते विचारू नका, सांगितलं तर खोटं वाटंल. उलाढाल म्हणजे कमाई नव्हे, एवढं साधं गणित त्या कॉम्प्युटरला कोण शिकवणार?

स्कॅनर मी काढलेला नाही. पण काढणाऱ्याला चोर म्हणायची आपली तयारी नाही.

रिटर्न भरलं का :
नांदेडला कर सल्लागाराचं काम करतो, बेंगलोरच्या नावानं आमच्याकडं पण रोज दोन-चार फोन असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या राज्य कर खात्यानं पेमेंट ॲपवाल्यांकडून आकडे मागवले, २०२१-२२ पासूनचे, आणि ज्यांच्या खात्यावर ४० लाखांच्या वर (सेवा असेल तर २० लाखांच्या वर) जमा दिसली पण जीएसटी नंबर नाही अशा हजारोंना नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची आली. आता भाजीवर जीएसटी मुळात नाहीच, आणि फक्त करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही, भले त्याची विक्री कोटीची असो. बोंबाबोंब झाली, दुकानांवर "नो यूपीआय" च्या पाट्या लागल्या, मग सरकारनं जरा नमतं घेतलं. तेव्हा कच्ची पट्टी म्हणतात त्यात तथ्य आहे, नुसत्या जमा रकमेवरून विक्री ठरवणं चूकच.

पण दुसरी बाजू ऐका. समजा एखाद्या किराणावाल्याची वर्षाची विक्री ५० लाख आहे. इन्कम टॅक्समध्ये छोट्या धंद्याचा नफा ठरावीक टक्क्यानं धरायची सोय आहे (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी), त्यात ऑनलाईन आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात, रोखीवर ८. म्हणजे सगळी ऑनलाईन घेतली तर ३ लाख उत्पन्न, सगळी रोख घेतली तर ४ लाख. आणि नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. म्हणजे इन्कम टॅक्सच्या भीतीनं स्कॅनर काढणाऱ्याला उलट रोखीवरच जास्त उत्पन्न दाखवावं लागतं! राहिला जीएसटी. कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक दराची योजना) घेतलं तर व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का, फार तर वर्षाला ५० हजार. ते खिशातून जातात, गिऱ्हाईकाकडून घेता येत नाहीत, हे मान्य. पण सुटं धान्य, गूळ, दूध वजा केलं तर त्याहून कमी. त्यासाठी धंदा अंधारात करायचा का?

कच्ची पट्टी :
साहेब, ५० हजार वर्षाचे अन् तुमची फी वेगळी. आमच्या गल्लीत त्याला पोराची फी म्हणतेत. बाकी हिशोब तुमचा बरोबर हाय, मी भरतो पण. मला राग त्या टक्क्याचा नाही, नोटिशीचा हाय. नोटीस आली की माणूस आधी गुन्हेगार, मग कागद घेऊन पळत सुटा, चार वर्षाच्या चोपड्या शोधा.

भाकरी ठेचा :
मूळ परभणी, सध्या हिंजवडीत गुरं वळतो (म्हणजे सॉफ्टवेअर). आमचा पगार हातात यायच्या आधी टॅक्स कापून येतो, त्यामुळं व्यापाऱ्यांच्या या दुःखाला आमच्याकडं टिश्यू पेपर नाही, सॉरी.

पण खाजगीपणाचं म्हणाल तर लोक चुकीच्या माणसाला घाबरायलेत. बचत खात्यावर वर्षात १० लाखांच्या वर रोख भरली की बँक तसंही कळवते, एफडी, शेअर, जमिनीचे व्यवहार सगळं एआयएस मध्ये (इन्कम टॅक्सच्या साईटवरचं आपल्या व्यवहारांचं स्टेटमेंट) दिसतं, २०२१ पासून. तो स्टेटमेंट एकदा स्वतःचा उघडून बघा, आपल्याला आपल्याबद्दल माहीत नसतं ते पण असतंय त्यात. सरकारला कळायचं ते स्कॅनर काढून थांबत नाही. मला भीती वाटते ती बाकीच्यांची. बाथरूमची टाईल बघायला एका दुकानात नंबर दिला, संध्याकाळपासून होमलोनवाले सुरू. गावाकडं बाबांनी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नंबर दिला तर पीक कर्ज, विमा, सोलर पंप, आणि शेवटी एक बाई शेअर मार्केट शिकवायला. दुकानदारानं विक्री लपवायची त्याला प्रायव्हसी म्हणायचं, आणि तोच दुकानदार बिल करताना "नंबर सांगा" म्हणून आपला नंबर घेतो, ते काय मग?

सरळसोट :
नंबर द्यायचाच नाही. मी सरळ नाही म्हणतो. बिल होतंच.

झेरॉक्सवाला :
बीड जिल्ह्यात सेवा केंद्र चालवतो. वरचं सगळं वाचलं, चांगलं चाललंय, पण मंडळी तुम्ही ज्या खाजगीपणावर भांडायलात तो आमच्या दारात चपलेसंगं बाहेर ऱ्हातो.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीचं ई-केवायसी सुरू झालं, ते डिसेंबरपर्यंत चाललं, तवाचं सांगतो. बाईचा आधार, वर नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार, दोघांचे ओटीपी. सकाळी शटर उघडायच्या आधी ओटा भरलेला. एकीचा नवरा कारखान्यावर गेलेला ऊसतोडीला, फोन त्याच्यापाशी, तो फडात, रेंज नाही. मुकादमाला फोन लावायचा, मुकादमानं त्याला बोलवायचं, मग तो ओटीपी वाचणार, त्याला इंग्रजी आकडा नीट येईना म्हून मुकादम वाचणार, अन् हिकडं ही बाई आख्ख्या लायनीत मोठ्यानं, "चार... सात... परत सांगा ओ!" तवर टाईम संपला. परत पाठवा. एका ओटीपीत मुकादम, त्याच्या बाजूचे, माझ्या दुकानातले वीस जण, सगळे सामील. विधवा बाई, सोडून दिलेली बाई, तिनं कुणाचा आधार द्यायचा? ते सुरवातीला कुणालाच सांगता येईना, बाया माझ्यासमोर सगळ्यांच्या देखत आपल्या घरातलं सांगायलेत, की ओ दादा तो नांदवत नाही मला. हे खाजगी नव्हतं का?

ऊसतोडीच्या बायांचे अंगठे उमटत नाहीत. कोयता धरून रेघाच गेलेल्या असत्यात. ओल्या फडक्यानं पुस, दुसरं बोट लाव, डाव्या हाताचं लाव. चेहऱ्याचं आलंय आता, ते बरं पडतंय.

अन् कागदं. लोक मला व्हॉट्सॲपवर आधार, पासबुक, रेशनकार्ड पाठवतेत अन् म्हणतेत "असू द्या तुमच्याकडंच, परत लागलं तर". माझ्या कॉम्प्युटरवर गावाची आख्खी कुंडली हाय. मी दर शनिवारी उडवतो, पण मी उडवतो म्हून. शेजारचा उडवतो का नाही मला काय म्हाईत. त्याला विचारायला आजवर कुणी आलं नाही, मला पण नाही.

म्हून हार्डवेअरवाल्याच्या पोराला माझा एकच सवाल. तुला दाखवायचं नव्हतं, तू पाटी लावली, कुणी तुझं काय वाकडं केलं नाही. दीड हजार रुपयासाठी जी बाई सगळं दाखवायली तिनं कुठं पाटी लावायची?

मांजराकाठ :
झेरॉक्सवाले भाऊ, दंडवत. माझा धागा तुमच्या प्रतिसादापासून सुरू झाला असं समजा.

हळदीचा वायदा :
वसमतकर. आमच्याबद्दल बोलायचं राहिलंच. शेतकऱ्याला टॅक्स नाही, टॅक्स नाही म्हणून शहरातले पाहुणे टोमणे मारतेत त्यांच्यासाठी: शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही हे खरं. पण फवारणीच्या औषधाला १८ टक्के जीएसटी आम्हीच भरतो, खताला ५ भरतो, डिझेलवर केंद्राचा वेगळा राज्याचा वेगळा. व्यापाऱ्याला मागं भरलेला जीएसटी वळता करून मिळतो, आम्हाला नाही. दुकानदार पक्कं बिल देत नाही तवा तो टॅक्स आमच्याकडून घेतलेला असतो का नाही ते पण कळत नाही. बाकी खरं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर अन् ठिबक १२ वरून ५ वर आलं, ते चांगलं झालं. औषध मात्र तिथंच.

अन् खाजगी माहिती म्हणाल तर आमचं काय खाजगी ऱ्हायलंय? सातबारा ऑनलाईन. गट नंबर टाका, कुणाची किती जमीन, कोणतं पीक, कोणत्या बँकेचा बोजा, सगळं उघडं. सोयरिकीला पाहुणे यायच्या आधी पोराचा सातबारा मोबाईलवर बघून येतेत. चहा घेताना विचारतेत, "बाकी सगळं ठीकय, ते दोन लाखाचं सोसायटीचं फिटलं का?" पीएम किसानची गाववार यादी पण कुणालाही दिसती. ई-पीक पाहणी करायची तर शेतात उभं राहून फोटो काढा, जागेसकट. २०२५ पासून फार्मर आयडी पण सक्तीचा, त्याच्याशिवाय योजना नाही. सातबारा उघडा असण्याचा फायदा पण हाय हे मान्य करतो, पूर्वी तलाठ्याच्या मागं फिरून चपला झिजायच्या अन् भावकीनं गुपचूप फेर ओढला तर पत्ता नसायचा. आता घरबसल्या कळतं. पण एवढं सगळं उघडं ठेवून आम्ही जगतोय अन् हार्डवेअरवाल्याचा गल्ला तेवढा झाकलेला पाहिजे?

सेलूकरीण :
शिक्षिका आहे. सगळ्यांचं वाचलं. एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

रोख म्हणजे टॅक्सचोरी असं सरसकट म्हणू नका. आमच्यासारख्या बायकांना रोख हाच खाजगीपणा आहे. माझ्या मैत्रिणीच्या खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला. तिनं ऐंशी रुपयाची पाणीपुरी खाल्ली तरी त्याच्या फोनवर टिंग वाजतं आणि घरी आल्यावर "कुणासोबत गेलतीस?" आईला दोन हजार पाठवले तर आठवडाभर अबोला. आता ती पगारातले थोडे काढते आणि तांदळाच्या डब्यात ठेवते, तिच्या आजीनं ठेवले तसेच. तिला ना जीएसटी चुकवायचाय ना इन्कम टॅक्स. सरकारचं सोडा, घरातलाच डोळा चुकवायचाय. सरळसोट दादा, तिला सांगा बरं कर नाही त्याला डर कशाला.

शाळेचं तर विचारूच नका. मुलांची माहिती भरायची, आधार जुळवायचा, आता अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर एकच ओळख क्रमांक). त्याला पालकांचं संमतीपत्र लागतं, म्हणजे नाही म्हणायचा हक्क आहे. पण वरून टक्केवारी विचारतात ना, मग पालक काय वाचणार आणि आम्ही काय समजावणार. "मॅडम कुठं अंगठा करू?" एवढंच. एका आजोबांनी मात्र चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं की हे माझ्या नातवाच्या नावावर किती वर्षं राहणार? मला उत्तर येत नव्हतं.

सरळसोट :
सेलूकरीणताई, त्या मैत्रिणीपुरतं माझं वाक्य मागं घेतो. हार्डवेअरवाल्यापुरतं नाही.

भाकरी ठेचा :
वा! आज सूर्य पश्चिमेला.

नवा पाहुणा :
यूपीआयवर २००० च्या वर जीएसटी लागणार हे खरं आहे का? अन् एप्रिलपासून इन्कम टॅक्सवाले सगळ्यांचं व्हॉट्सॲप वाचणार म्हणे? ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय.

रिटर्न भरलं का :
पहिलं खोटं. एप्रिल २०२५ मध्येच अर्थ मंत्रालयानं नाकारलंय. जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून एमडीआर (बँकेचं कमिशन) पण घेत नाहीत.

दुसरं अर्धवट. नवा इन्कम टॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यातल्या कलम २४७ मध्ये धाड पडली तर ईमेल, सोशल मीडिया, ऑनलाईन खाती उघडून बघायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय. रोजच्या रोज तुमचे गुड मॉर्निंग वाचायला कुणी बसणार नाही. पण अधिकार मोठा आहे, आणि धाड टाकायची का नाही हे खातंच ठरवणार, आधी कोर्टात जायची गरज नाही. हे माझ्या धंद्यातल्या माणसालाही खटकतं. चुकवणाऱ्याला पकडा, पण त्याच फोनमध्ये त्याच्या बायकोचे रिपोर्ट असतात, पोरीचे फोटो असतात.

मांजराकाठ :
एवढं वाचल्यावर माझं मत सांगतो, पटलं तर बघा. टॅक्स द्यायचा का नाही ही एक गोष्ट, अन् टॅक्सच्या निमित्तानं माझं काय काय बघायचं ही दुसरी. आपल्याकडं दोन्ही एकाच पोत्यात भरतेत, मग व्यापारी खाजगीपणाच्या नावावर विक्री लपवतो अन् सरकार चोरीच्या नावावर सगळंच बघायचं म्हणतंय. माझी वर्षाची विक्री सरकारला कळावी, बिलकुल कळावी. पण मी मंगळवारी कोणत्या डॉक्टरकडं गेल्तो अन् कुणाच्या टपरीवर चहा पिलो याची यादी कशाला पाहिजे? अन् झेरॉक्सवाल्या भाऊंनी सांगितलं ते तर फारच उलटं हाय, ज्याच्याकडं लपवायला काहीच नाही त्यालाच सगळ्यात जास्त दाखवावं लागायलंय.

२०२३ चा तो डेटा संरक्षणाचा कायदा हाय ना, त्याचं काय झालं कुणी सांगंल का?

भाकरी ठेचा :
डीपीडीपी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. दंड २५० कोटींपर्यंत आहे, कंपन्यांना धाक बसंल. पण सरकारला अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी बरीच मोकळीक ठेवलीय, दरवेळी संमती घ्यायची गरज नाही. म्हणजे मला छळणारा टाईलवाला कदाचित सुधारंल, लाडक्या बहिणीच्या लायनीत फारसा फरक पडंल असं वाटत नाही. वर याच कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(जे) पण बदललंय, वैयक्तिक माहिती म्हणून नकार देणं अधिकाऱ्याला सोपं झालंय. गुत्तेदाराला बिल किती दिलं विचारलं तर "खाजगी आहे" ऐकायची तयारी ठेवा.

हळदीचा वायदा :
म्हणजे माझा बोजा उघडा अन् गुत्तेदाराचं बिल खाजगी. लई भारी.

कच्ची पट्टी :
ह्यावर मात्र आपण सगळे एक. (अन् ठेचेवाले, आमच्या दुकानात आजपासून नंबर विचारणं बंद केलंय, बायकोनं पण धागा वाचला.)

उमरग्याची वहिनी :
कामाचं विचारू का? आमच्या सासूबाईंच्या खात्यातून मागं अंगठ्यावर पैसे निघाले, त्या कुठं गेल्याच नव्हत्या. अंगठा लॉक करता येतो म्हणतात ते कसं?

झेरॉक्सवाला :
वहिनी, आधी १९३० ला तक्रार केली का? नसंल तर आधी ती करा, बँकेत पण लेखी द्या. अशी फसवणूक कागदावरच्या अंगठ्याची नक्कल करून होती, खरेदीखतावरचे ठसे वापरल्याचे प्रकार देशात झालेत. आधारच्या सरकारी ॲपमधून किंवा आधारच्या साईटवरून बायोमेट्रिक लॉक होतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. नसंल तर आधार केंद्रावर जावं लागंल, ७५ रुपये फी हाय, त्याच्यावर कुणी मागितले तर देऊ नका, पावती मागा. दुसरं, लॉक केलं की रेशन दुकानात पण अंगठा चालणार नाही, खताच्या मशीनीवर पण नाही. रेशन दुकानात गेल्यावर तात्पुरतं उघडायचं, थोड्या वेळानं ते परत आपोआप बंद होतं.

उमरग्याची वहिनी :
म्हणजे दर महिन्याला रेशनच्या दिवशी ह्यांच्या फोनवर ओटीपी घेऊन उघडायचं?

झेरॉक्सवाला :
होय. म्हून नंबर सासूबाईंच्या स्वतःच्या साध्या फोनचा जोडा, ह्यांचा नको. ओटीपी साध्या फोनवर पण येतो. अन् सोमवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस नसंल असा दिवस बघा, म्हातारं माणूस लायनीत दमतंय.